काखेतली गाठ काय सांगते?



शेतात राबणाऱ्या माणसाला 'अवधाण' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पायात बाभळीचा काटा मोडला आणि जखम चिघळली, की जांघेत दुखरी गाठ येते. बोटाला नखुरडं झालं, ऊस तोडताना कोयता लागला, की तीच गाठ काखेत येते. घरातली म्हातारी हात लावून बघते आणि म्हणते, ''अवधाण आलंय. जखम बरी झाली की जाईल.'' आणि खरोखरच ती जाते. नेवासे तालुक्यात, सोनई-शिंगणापूरच्या परिसरात सर्जन म्हणून काम करताना या एका शब्दाचा मला जितका उपयोग झाला, तितका पुस्तकातल्या मोठमोठ्या शब्दांचा झाला नाही. कारण ज्या बाईला अवधाण ठाऊक आहे, तिला लसिका ग्रंथी म्हणजे काय हे अर्धं कळलेलंच असतं. राहिलेलं अर्धं आज सांगायचं आहे, आणि ते स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित आहे.

आपल्याकडे मुळा धरणाचं आवर्तन सुटलं की कालव्यातून चारीला आणि चारीतून शेताला पाणी येतं. पिकाला लागतं तेवढं पाणी पीक घेतं. उरलेलं पाणी जमिनीत साठू नये म्हणून शहाणा शेतकरी बांधाकडेला चर काढतो आणि ते ओढ्याला लावून देतो. शरीरातही असंच आहे. रक्तवाहिन्या म्हणजे कालवा. त्यातून जो द्रव पेशींच्या भोवती पाझरतो, त्यातला उरलेला भाग परत नेणारे अगदी बारीक चर म्हणजे लसिकावाहिन्या. या चरांच्या वाटेवर जागोजागी घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या गाठी असतात. त्यांना लसिका ग्रंथी म्हणतात. वाहून आलेले जंतू, मेलेल्या पेशी, कचरा तिथं अडतो आणि तपासला जातो. जंतू फार आले की ग्रंथी सुजते. आपलं अवधाण ते हेच.

काखेत अशा साधारण वीस ते तीस ग्रंथी असतात. हाताकडून येणारा चर तिथंच येतो आणि स्तनाकडून येणाराही बहुतांश तिथंच येतो. थोडा भाग छातीच्या मधल्या हाडाच्या मागच्या ग्रंथींकडे जातो, पण मुख्य वाट काखेची. त्यामुळे स्तनात कर्करोगाची गाठ झाली आणि तिच्यातल्या काही पेशी सुटल्या, की त्यांचा पहिला मुक्काम बऱ्याचदा काखेत पडतो.

आता या पेशी काखेत पोहोचल्या म्हणजे नेमकं काय झालं? पेशंटच्या घरचे मला हाच प्रश्न विचारतात. बाई स्वतः क्वचितच विचारते. नवरा, दीर नाहीतर मोठा मुलगा मला बाजूला घेतो आणि हळू आवाजात म्हणतो, ''डॉक्टरबाई, काखेत गेला म्हणजे अंगभर गेला का?'' या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं बरंच ठरतं. उत्तर 'हो' आहे असं घरच्यांनी मनाशी धरलं, तर 'आता कशाला मुंबई-पुण्याला न्यायचं' असं म्हणून बाईला घरी ठेवलं जातं. असं होताना मी पाहिलं आहे. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देते.

वैद्यकशास्त्रालाही हे उत्तर सापडायला शंभर वर्षं लागली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड नावाचा मोठा सर्जन होऊन गेला. त्याचं म्हणणं असं, की कर्करोग शिस्तीत पुढं सरकतो. आधी स्तन, मग काखेतल्या ग्रंथी आणि तिथून पुढं शरीरभर. ग्रंथी म्हणजे वेशीवरचा दरवाजा. दरवाजा फुटायच्या आत सगळं कापून काढलं, तर गाव वाचलं. १८९४ मध्ये त्याने आपल्या पन्नास शस्त्रक्रियांचा अहवाल छापला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतलं सगळं तो काढायचा. पुढं पाऊणशे वर्षं जगभर हीच शस्त्रक्रिया होत राहिली. बाई जगली तरी छातीच्या फासळ्या दिसायच्या, हात वर जायचा नाही, सुजायचा.

आणि इथं मला शनिशिंगणापूरची आठवण होते. घोडेगावच्या फाट्यावरून आत वळलं, रसवंत्या मागं पडल्या, की हे गाव येतं. घरांना चौकटी आहेत पण परंपरेने दारं नाहीत, म्हणून ते देशभर माहीत आहे. युको बँकेने २०११ साली इथं शाखा काढली तीही कुलपाविना. बाहेरगावचा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा चौकट दिसताच दार असणारच असं त्याचं मन धरून चालतं. हॉलस्टेडचं तसंच झालं. काखेत त्याला चौकट दिसली, आणि दार असणार असं त्याने गृहीत धरलं.

दार नाही हे सिद्ध केलं पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर या सर्जनने. १९७१ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी चाचणी सुरू केली. तीत सोळाशेहून जास्त बायका होत्या. ज्यांच्या काखेत हाताला काही लागत नव्हतं, त्यांच्यातल्या काहींची हॉलस्टेडसारखी मोठी शस्त्रक्रिया केली. काहींचा फक्त स्तन काढून काखेला किरणोपचार दिले, आणि काहींचा फक्त स्तन काढून काखेला हातच लावला नाही. मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांच्या ग्रंथींत कर्करोग सापडला. म्हणजे ज्यांच्या काखेला हात लावला नाही त्यांच्यातही तितक्याच जणींच्या काखेत तो असणार आणि तसाच मागे राहिला असणार. हॉलस्टेडचं खरं असतं तर या बायका जास्त संख्येने दगावायला हव्या होत्या. २००२ मध्ये या चाचणीचे पंचवीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांच्या आयुर्मानात फरक नव्हता.

याचा अर्थ नीट समजून घ्या. कर्करोगाच्या पेशी काखेत गेल्यावरच तिथून पुढं निघतात असं नाही. त्या स्तनातून थेट रक्तातही उतरू शकतात. ग्रंथी त्यांना अडवून धरत नाही. ती आपल्याला फक्त दाखवते, की इथून कुणीतरी गेलंय. उंदरांवरच्या अलीकडच्या प्रयोगांत ग्रंथीत अडकलेल्या पेशी तिथल्या रक्तवाहिन्यांत शिरून फुप्फुसापर्यंत जाताना दिसल्या आहेत, त्यामुळे ग्रंथी अगदीच निरुपद्रवी आहे असंही म्हणता येत नाही. शास्त्रज्ञांचा यावर अजून वाद चालू आहे. पण पेशंटच्या नातेवाइकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र ठरलेलं आहे. काखेत गेला म्हणजे अंगभर गेला, असं नाही.

मग रिपोर्टवर 'चौदापैकी तीन' असं लिहिलेलं असतं ते काय? शस्त्रक्रियेत चौदा ग्रंथी मिळाल्या, पॅथॉलॉजिस्टने त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि तिघींत कर्करोगाच्या पेशी दिसल्या. हा आकडा महत्त्वाचा असतो. एक ते तीन, चार ते नऊ आणि दहा किंवा अधिक अशा पायऱ्या केलेल्या आहेत, आणि पायरी चढेल तसा रोग परत येण्याचा धोका वाढतो. हा धोका लांबपर्यंत चालतो. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या कर्करोगाच्या हजारो बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी पाच वर्षं गोळ्या पूर्ण केल्या होत्या आणि तोवर रोग परत आलेला नव्हता. तरी पुढच्या पंधरा वर्षांत दूरच्या अवयवात रोग उमटण्याचं प्रमाण, मूळ गाठ दोन सेंटीमीटरपर्यंतची असताना, ग्रंथी स्वच्छ असलेल्यांत १३ टक्के होतं. एक ते तीन ग्रंथी बाधित असलेल्यांत ते २० टक्के आणि चार ते नऊ बाधित असलेल्यांत ३४ टक्के होतं. हेच आकडे उलटीकडूनही वाचा. चार ते नऊ ग्रंथी बाधित असलेल्या शंभर जणींपैकी सहासष्ट जणींना त्या काळात दूर कुठंही रोग उमटला नाही.

एक गैरसमज इथंच काढून टाकते. काखेतल्या ग्रंथी बाधित आहेत म्हणजे चौथी अवस्था नव्हे. ती दुसरी किंवा तिसरी असते. त्याच बाजूच्या गळपट्टीच्या हाडावरच्या ग्रंथीत रोग असला तरी तो तिसऱ्या अवस्थेत धरतात. पूर्वी तो चौथ्या अवस्थेत मोजायचे, पण २००३ पासून नियम बदलला, कारण नेटाने उपचार केले तर अशा बायका बऱ्याच काळ चांगल्या राहतात असं दिसून आलं. चौथी अवस्था म्हणजे हाड, फुप्फुस, यकृत, मेंदू यांसारख्या दूरच्या अवयवात रोग सापडणं.

याच अवयवांत तो का जातो हे कोडंही जुनं आहे. लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जनने १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी चाळल्या. यकृतात रोग पुष्कळ जणींच्या सापडला, पण प्लीहेत फारच थोड्या जणींच्या. रक्त दोन्हीकडे जातं, मग असं का? पॅजेटने सांगितलं की बी वाऱ्यावर सगळीकडे जातं, पण रुजतं ते मानवेल त्या जमिनीतच. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. वाफसा नसेल तर चांगलं बियाणंही वाया जातं. कर्करोगाच्या सुटलेल्या बहुतेक पेशी अशाच वाया जातात. ज्या टिकतात त्यांतल्या काही वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. शस्त्रक्रियेनंतर 'आता गाठ काढली, मग सलाईन कशाला, गोळ्या कशाला' असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते, की उपटलेल्या तणाचं बी मातीत असतं. केमोथेरपी, हार्मोनच्या गोळ्या, काही जणींना लागणारी ट्रॅस्टुझुमॅबची इंजेक्शनं, हे सगळं त्या बियांसाठी. टॅमॉक्सिफेनची गोळी स्वस्त आहे, रोज एक घ्यायची, पाच वर्षं आणि काहींना दहा. महागड्या सलाईनवर लोकांचा विश्वास बसतो आणि ही स्वस्त गोळी मध्येच सोडली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

आता हाताबद्दल बोलते, कारण आपल्या भागात हा विषय जास्त जिव्हाळ्याचा आहे.

काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या की हाताकडून येणारा चरच तुटतो. पाणी निघायला वाट राहत नाही. कालव्याच्या पट्ट्यात निचरा नसलेली जमीन कशी चिबडते, ते तुम्ही पाहिलंय. हात तसाच चिबडतो. बांगडी चढत नाही, ब्लाउजची बाही घट्ट होते, हात जड पडतो. सगळ्या ग्रंथी काढलेल्या साधारण पाचातल्या एकीला ही सूज येते. शहरातल्या बाईलाही त्याचा त्रासच होतो, पण जिचं पोट कांदे निवडण्यावर, कापूस वेचण्यावर, धारा काढण्यावर आहे, तिचा हात गेला म्हणजे रोजगार गेला. कर्करोगातून वाचलेली बाई सुजलेल्या हातामुळे घरात 'बिनकामाची' ठरते, आणि ते दुःख कुठल्याही रिपोर्टवर लिहिलेलं नसतं.

म्हणून गेली तीस वर्षं जगभरचे सर्जन या प्रश्नामागे लागले, की काखेतल्या ग्रंथी कमीत कमी काढून काम भागेल का? १९९०च्या दशकात एक सुंदर युक्ती निघाली. स्तनातला चर ज्या पहिल्या ग्रंथीत जातो ती शोधायची. त्यासाठी स्तनात निळा रंग किंवा किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचायचं. ते चरातून वाहत जाऊन पहिल्या एक-दोन-तीन ग्रंथींत साठतं. तेवढ्याच काढून तपासायच्या. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्या स्वच्छ असण्याची शक्यता खूप मोठी, मग त्यांना हात लावायचा नाही. याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात. यात हाताच्या सुजेचं प्रमाण विसातल्या एकीच्या आसपास येतं.

पण किरणोत्सारी द्रव्य आणि ते मोजणारं यंत्र जिल्ह्याच्या गावी कुठून आणायचं? इथं मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झालेलं हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे किरणोत्सारी द्रव्याची तिथं वानवा नाही. तरीही तिथल्या सर्जन मंडळींनी विचार केला तो जिथं ते मिळत नाही अशा ठिकाणांचा. काखेतून हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेकडे जाणारी एक नस आडवी असते. ती ओळखायची आणि तिच्या खालची चरबी व ग्रंथी एकत्र काढायच्या. रंग नको, यंत्र नको, फक्त शरीररचना माहीत असलेला हात हवा. याला लो ॲक्सिलरी सॅम्पलिंग म्हणतात. सेंटिनल पद्धतीशी त्यांनी त्याची तुलना केली, एकाच बाईवर दोन्ही करून पाहिलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. ही साधी पद्धत सेंटिनलच्या बरोबरीची ठरली. माझ्यासारख्या तालुक्यातल्या सर्जनला ही बातमी एखाद्या मोठ्या औषधाच्या शोधाइतकीच आनंदाची होती.

पुढचं पाऊलही पडलं आहे. पहिल्या एक-दोन ग्रंथींत रोग सापडला तरी, गाठ लहान असून स्तन वाचवून शस्त्रक्रिया केली असेल आणि किरणोपचार व औषधं दिली जाणार असतील, तर बाकीच्या ग्रंथी काढल्या नाहीत म्हणून बिघडत नाही, असं अमेरिकेतल्या चाचणीच्या दहा वर्षांच्या निष्कर्षांत २०१७ मध्ये दिसलं. काही ठिकाणी काखेची शस्त्रक्रिया टाळून किरणोपचार देतात. युरोपातल्या मोठ्या चाचणीत त्याने रोगावर तितकाच ताबा राहिला आणि हात सुजण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पण काखेत मोठ्या, चिकटलेल्या गाठी असतील तर सगळ्या ग्रंथी काढणं आजही आवश्यक असतं, आणि आपल्याकडे उशिरा येणाऱ्या बायकांत असंच चित्र जास्त असतं. थोडक्यात, लवकर येणारीचा हात वाचतो.

ज्यांचे सगळे नोड काढले आहेत त्यांनीही घाबरून हात गळ्यात बांधून ठेवू नये. 'त्या हाताने बादलीसुद्धा उचलायची नाही' असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्या बायकांची सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. तेव्हा काम करावं, पण टप्प्याटप्प्याने. काटा, कोयता, चुलीचा चटका यांपासून त्या हाताला जपावं. हात अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

टाटा रुग्णालयाचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी सांगते. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली तिथं एक हजार बायकांवर एक चाचणी झाली. शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन द्यायचं. २०११ मध्ये निष्कर्ष आले. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर फरक दिसला नाही. पण ज्यांच्या काखेतल्या ग्रंथी बाधित होत्या त्यांच्यात पाच वर्षं रोगमुक्त राहण्याचं प्रमाण ५४.७ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेलं. म्हणजे ज्यांना सर्वांत वाईट समजलं जातं त्यांच्यातच उपयोग दिसला. हा अजून सगळीकडचा रिवाज झालेला नाही, पुढचा अभ्यास लागेल. दुसरी चाचणी २०२३ मध्ये छापून आली. दाढ काढताना बधिर करायला देतात ते लिग्नोकेन शस्त्रक्रियेच्या आधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती टोचायचं. भारतातल्या अकरा केंद्रांत सोळाशे बायकांवर हे करून पाहिलं. पाच वर्षं हयात राहण्याचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. चाकू लागताना पेशी सुटण्याला बधिर केलेल्या भागात आळा बसतो, अशी त्यामागची कल्पना आहे. किरकोळ खर्चाचं औषध आहे. कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यातल्या कपाटात ते असतं.

तिसरी गोष्ट कडू आहे, पण सांगायला हवी. चौथ्या अवस्थेत नातेवाईक म्हणतात, ''निदान गाठ तरी काढून टाका.'' टाटा रुग्णालयाने साडेतीनशे बायकांवर हेही तपासलं. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. रोग दूरच्या अवयवांत गेल्यावर स्तनाची आणि काखेची शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढलं नाही. तिथं औषधं, हाडाच्या दुखण्यावर किरणोपचार आणि वेदना कमी करणं हीच खरी सेवा. जमीन विकून शस्त्रक्रिया करण्याआधी हे डॉक्टरांना जरूर विचारा.

भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू असा अंदाज आहे. मृत्यूचं प्रमाण इतकं जास्त का, याचं मोठं कारण उशीर. आणि उशिराचं मोठं कारण दुखत नाही हे. अवधाण दुखतं म्हणून बाई दाखवते. कर्करोगाची गाठ दुखत नाही म्हणून ती पदराआड राहते. त्यातून लाज. ज्या गावाच्या चौथऱ्यावर चढायला बायकांना न्यायालयाच्या निकालानंतर ८ एप्रिल २०१६चा गुढीपाडवा उजाडावा लागला, तिथल्या आणि आसपासच्या बायकांना छातीला गाठ आहे हे पुरुष डॉक्टरपुढे बोलणं सोपं नसतं, हे मी समजू शकते. शिंगणापूरला मी हे अडवून ठेवत नाही. तीच लाज नगरमध्ये, पुण्यात, मुंबईतही भेटते. सुशिक्षित घरांत फक्त ती जास्त चांगल्या शब्दांत सांगितली जाते.

यावर उपाय मोठ्या यंत्राचाच असतो असं नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दीड लाखांवर बायकांचा एक अभ्यास चालला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तनतपासणी केली. मॅमोग्राफी नाही, फक्त बोटं. २०२१ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष आले. ज्यांच्यात तपासणी झाली त्यांच्यात रोग अलीकडच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंत असा फायदा दिसला नाही. सोलापूर जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून खेड्यातल्या कर्करोगाची नोंद ठेवायला सुरुवात केली. देशातली तशी ती पहिलीच नोंदणी. घरोघर जाऊन खेड्यातल्या बाईशी बोलता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. आज तिशीच्या पुढच्या बायकांची स्तनतपासणी आपल्या उपकेंद्रावरही होते. आशाताईला विचारा. ती आली की सासूबाई-सुनांनी दोघींनी तपासून घ्या.

घरी स्वतः बघायचं असेल तर काख कशी बघायची ते सांगते, कारण स्तन बघणाऱ्या बायकाही काख विसरतात. बसून घ्या. डावी काख बघायची तर डावा हात मांडीवर सैल सोडा. वर उचललात तर काख ताणली जाते आणि काही लागत नाही. उजव्या हाताची बोटं काखेत खोल, अगदी वरच्या टोकापर्यंत न्या आणि फासळ्यांवर दाबत खाली आणा. हाताला जखम, पुळी, काखमांजरी असं काही नसताना गाठ लागली, ती कडक आहे, दुखत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर दाखवायला या. स्तनात काही लागत नसलं तरी या. कधी कधी स्तनातली गाठ इतकी लहान असते, की पहिली खूण काखेतच मिळते. शेक देणं, लेप लावणं यात महिने घालवू नका.

सुई घालून तपासलं की कर्करोग पसरतो असं आपल्याकडे ठाम मत आहे. तसं होत नाही. सुईची तपासणी केल्याशिवाय ही कुठल्या जातीची गाठ आहे, तिला हार्मोनची गोळी चालेल की नाही, हे कळतच नाही. पैशाची काळजी असते, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

आणि शस्त्रक्रिया ठरली, तर सर्जनला आधीच विचारा, की काखेतल्या ग्रंथींचं काय करणार आहात, थोड्या काढणार की सगळ्या, आणि का. हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात घ्या, त्यात किती ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित निघाल्या हे आकडे आहेत का बघा. ज्या मेणाच्या ठोकळ्यात गाठीचा तुकडा बसवून ठेवलेला असतो त्याला ब्लॉक म्हणतात. पुढच्या तपासण्यांसाठी मुंबई-पुण्याला तो मागतात. आपली माणसं फक्त चिठ्ठी घेऊन जातात आणि ब्लॉक आणायला पुन्हा परत येतात. त्यात आठवडा-पंधरा दिवस मोडतात. निघण्याआधीच प्रयोगशाळेतून ब्लॉक मागून घ्या, डबीत घालून फाइलबरोबर ठेवा, आणि रिपोर्टच्या दोन झेरॉक्स घरी ठेवून जा.